नानांची पाळत

नानांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुजा बापूस जमिनीच्या हापिसात हाय का?"

माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गाळ्यावर कारकून होते. तसं मी सांगितलं. नानांनी मान हलवली, आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी हात धुवायला मागच्या दारी गेले तेवढ्यात त्यांनी केतकीला विचारलं, "हिचा बापूस काय करतो?" केतकी सांगलीची. माझी तिची ओळख जेमतेम चार दिवसांची. तिनं सांगितलं, लोखंडाच्या कुठल्याशा दुकानात असतात. मी परत आले तेव्हा नाना माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं बघत होते. दोन जबान्या जुळल्या होत्या.

तेव्हा मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुंबईची एक संस्था मे महिन्यात कॉलेजच्या मुलांसाठी सहा आठवड्यांचं शिबिर घेत असे. शिबिर म्हणजे खरं काम. दोघादोघांना खाडीकाठच्या एकेका गावी पाठवायचे आणि तिथल्या खारफुटीची मोजदाद करून घ्यायचे. आम्हा दोघींच्या वाट्याला पनवेल आणि उरणच्या मधलं एक गाव आलं. काम सांगायला सोपं होतं. चिखलात ठरावीक अंतरावर चार-चार खुंट्या ठोकून चोवीस चौकोन आखायचे, त्याला आम्ही प्लॉट म्हणायचो. प्रत्येक प्लॉटमध्ये एक मीटरची लाकडी चौकट ठेवून तिच्यात खेकड्यांची बिळं किती, तिवराची रोपं किती, ते मोजून तक्त्यात वेळेसकट लिहायचं. ओहोटीला जायचं, भरतीच्या आत परतायचं. माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. चिंबोऱ्यांची बिळं मोजायला मुंबईचे लोक विद्यावेतन कशाला देतील, यात काहीतरी वेगळं आहे, असं ते आईला म्हणायचे.

गावाला तर ते मुळीच पटलं नव्हतं. विमानतळाच्या तेव्हा नुसत्या बातम्या होत्या, पण बातम्यांच्या आधी दलाल पोचले होते. बाहेरून आलेली कुठलीही दोन माणसं म्हणजे मोजणीवाले, असा हिशेब. आम्हाला कुणी खोली देईना. तीन घरं नाही म्हणाली. मग नानांनी बोलावून घेतलं आणि गोठ्याशेजारची खोली उघडून दिली. आम्हाला वाटलं, गावातला एकुलता एक भला माणूस भेटला. खोली का दिली ते पुढे आठवड्याभरानं त्यांच्या बायकोनं, ज्यांना आम्ही आई म्हणू लागलो होतो, भाकरी थापता थापता सांगून टाकलं. नाना म्हणाले होते, पोरी लांब ठेवल्या तर नजर ठेवून ठेवून मान मोडंल, त्यापेक्षा दारात बऱ्या.

नाना तेव्हा साठीच्या आसपास असावेत. नक्की सांगता येत नाही, कारण वय ते माणूस बघून सांगायचे. मला बासष्ट सांगितलं, केतकीला सत्तावन्न. त्यांच्या वडिलांची एक गोष्ट होती. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला ते गेले होते आणि पळताना त्यांचा एक जोडा तिथेच राहिला, अशी ती मला सांगितली. केतकीला सांगितलं, त्या दिवशी बापूस तापानं घरी पडला होता. आम्ही रात्री ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, खरं काय? नाना शांतपणे म्हणाले, "खरं सांगायला कवाबी येल असतो."

बुटके, काळे, पायांची बोटं फाकलेली. आयुष्यभर मिठागराच्या चिखलात चाललेल्या माणसाची होतात तशी. पाठ कधी रस्त्याकडे करून बसायचे नाहीत. घराबाहेर जाताना दाराच्या फटीत गवताची काडी अडकवायचे, आल्यावर ती आहे का बघायचे. पनवेलला जायचं असलं की उरणच्या बाजूच्या थांब्यावर उभे राहायचे, आणि पनवेलची एस.टी. दिसली की रस्ता ओलांडून पळत यायचे. आपण कुठे जातो हे गावाला कशाला कळायला हवं? वर्तमानपत्र रोज घ्यायचे आणि त्यातलं फक्त जाहीर नोटिशींचं पान वाचायचे, बोट ठेवून, चौथीत शिकले होते तसं. एकदा गुडघा सुजला म्हणून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरला सांगितलं, पोटात दुखतं. गोळ्या घेऊन आले. आई चिडल्या. नाना म्हणाले, खऱ्या डॉक्टरला पोट दाबल्यावर कळायला नको का?

आमच्या मॅडम दर शनिवारी मुंबईहून यायच्या. पन्नाशीच्या, काटक, चिखलात आमच्यापेक्षा भराभर चालणाऱ्या. त्या आल्या की नाना बहिरे होत. पहिल्या शनिवारी मॅडमनी त्यांना तिवराच्या जातींबद्दल विचारलं तर त्यांनी कानामागे हात धरून, "जेवान? जेवान झाला," असं उत्तर दिलं. सहा आठवडे ते मॅडमच्या बाबतीत बहिरेच राहिले. मॅडम बिचाऱ्या ओरडून ओरडून त्यांची चौकशी करायच्या.

चौथ्या दिवशी पाच प्लॉटच्या खुंट्या नाहीशा झाल्या. त्या आम्हाला संध्याकाळी चुलीमागच्या सरपणात सापडल्या. नाना म्हणाले, उधाणाला वाहून आल्या असतील. वाहून आलेल्या खुंट्यांचा चिखल पुसलेला होता. आम्ही त्या पुन्हा ठोकल्या, या वेळी खोल. मग त्या नाहीशा झाल्या नाहीत, सरकल्या. एका प्लॉटमध्ये परवा तिवराची अकरा रोपं होती, आज चार. रोपं चालत नाहीत. आमच्याकडे जागा दाखवणारं यंत्र होतं, पण ते पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवायचं, त्यामुळे खुंटी सरकली की यंत्र चुकलं ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी केतकीनं युक्ती काढली. प्रत्येक प्लॉटजवळच्या एका फांदीला, आतल्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असा लाल दोरा बांधायचा. चोवीस दोरे बांधले. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर आमच्याच कडीला सगळे दोरे एकत्र गाठ मारून लटकवलेले.

मला तेव्हा ते विनोदी वाटलं नाही. माझं एम.एस्सी.चं प्रवेशाचं पत्र मॅडमच्या शिफारशीवर अवलंबून होतं आणि हा म्हातारा माझं काम रोज उधळत होता. शिवाय मला आणखी एक दिसलं होतं. नानांचा पुतण्या जमिनीच्या व्यवहारात होता. पांढऱ्या गाडीतून यायचा, काचा न उतरवता हॉर्न द्यायचा, आणि नाना त्याच्याबरोबर बांधावरून दूरपर्यंत चालत जायचे. दोघं हातानं कुठेकुठे दाखवायचे. मी माझ्या मनाशी सगळं जुळवलं. इथे भराव घालायचा बेत आहे, नाना त्यात सामील आहेत, आणि आमची मोजणी त्यांना नको आहे. मॅडमना फोन करून मी हे सांगितलंसुद्धा. मॅडमनी विचारलं, पुरावा काय? पुरावा नव्हता. म्हणून मीही त्यांच्यावर नजर ठेवू लागले. ते निघाले की मी खिडकीशी, मी निघाले की ते बांधावर. एका घरात एकमेकांना जेवायला वाढणारी आम्ही माणसं एकमेकांवर पाळत ठेवत होतो.

रोज दिवेलागणीला एक कार्यक्रम असायचा. नाना ओट्यावर बसायचे आणि त्या दिवशी लिहिलेला तक्ता मला मोठ्यानं वाचायला लावायचे. खोली द्यायची अटच ती होती. मी वाचायचे, प्लॉट एक, सकाळी आठ दहा, बिळं एकोणीस, रोपं सहा. नाना डोळे मिटून ऐकायचे. मधेच म्हणायचे, थांब, परत बोल. मला वाटायचं, हा माणूस आकड्यांत काय शोधतो, ह्याला काय कळतंय.

तिसऱ्या आठवड्यात केतकीला ताप आला. त्या दिवशी मी एकटीच गेले. ओहोटी सकाळी नऊच्या सुमाराची. अकरापर्यंत मी सहा प्लॉट केले. सातवा आणि आठवा खाडीच्या बाजूला, खोलगट भागात होते, तिथे मांडीपर्यंत चिखल. ऊन असं होतं की लाकडी चौकट हाताला भाजत होती. पाणी चढायला लागलं तशी मी परत फिरले, जेवले, झोपले. चार वाजता उठून खोलीतल्या खोलीत सातव्या आणि आठव्या प्लॉटचे आकडे लिहून टाकले. आदल्या आठवड्याचे आकडे बघून, दोन इकडे तीन तिकडे करून. वेळ घातली दुपारी तीन. उन्हातान्हात मी दुसऱ्यांदा गेले होते असं दिसावं म्हणून.

संध्याकाळी वाचन झालं. नानांनी डोळे उघडले.

"सातवा परत बोल."

मी वाचलं. प्लॉट सात, दुपारी तीन, बिळं चोवीस, रोपं तीन.

"आज घरात म्हावरा का नाय?"

मासळी का नाही, या प्रश्नाचा रोख मला कळला नाही. आईंचा उपास होता, संकष्टी होती. तसं मी म्हटलं.

"मंजे चतुर्थी. चाराची पाऊनपट किती?"

"तीन."

"तिथीची पाऊनपट केली का भरतीचा येल येतो. तीनला भर भरती. सातव्या खुंटीवर तीनला तुज्या कमरंएवडं पानी. बिलं कशी मोजलीस, डोकं बुडवून?"

आतून आईंच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी काहीतरी बोलायला गेले, की वेळ चुकून पडली असेल, पण नाना माझ्याकडे असे बघत होते की पुढचं खोटं तोंडातच राहिलं. मी म्हटलं, "मी गेलेच नाही, नाना."

मला वाटलं, आता सामान बाहेर. मॅडमना कळणार. शिफारस गेली. गावात उद्या सकाळी प्रत्येक ओट्यावर ही गोष्ट असणार. पण नानांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं ते मागे टेकले आणि रस्त्याकडे पाठ झाली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"तू मोजनीवाली नायस," ते म्हणाले. "मोजनीवाला भरतीचा येल बघून खोटं लिवतो."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ती त्यांनी केतकीला वेगळी सांगितली असती की काय, मला ठाऊक नाही, पण सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. नवं शहर उभं राहायचं होतं त्या काळात एक साहेब मोजायची टेप घेऊन आला होता. याच ओट्यावर बसायचा. नानांच्या आईनं त्याला दोन महिने जेवू घातलं, जिताड्याची, खाडीतल्या सगळ्यात मोलाच्या माशाची, तुकडी आधी त्याच्या ताटात पडायची. तो म्हणायचा, मी नुसता पाण्याचा अभ्यास करतो. नाना तेव्हा जवान होते, साहेबाची टेप धरून त्याच्यापुढे चालायचे, कुणाचा बांध कुठे संपतो ते हौसेनं दाखवायचे. साहेब गेला आणि सहा महिन्यांनी नोटिसा आल्या. नोटिशीतल्या नकाशात प्रत्येक बांध बरोबर होता. अर्ध्या गावाची शेतं गेली. गावानं नानांना काही म्हटलं नाही. पण त्यांची आई पुढे मरेपर्यंत कुणा पाहुण्याला वाढताना आधी त्यांच्याकडे बघायची.

तो तक्ता मी त्यांच्यासमोर फाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मी सातव्या प्लॉटवर गेले तेव्हा नाना बांधावर उभे होते. मी मोजून होईपर्यंत हलले नाहीत. बिळं एकतीस निघाली. खुंट्या त्यानंतर सरकल्या नाहीत. आधी सरकवलेल्या कुठे होत्या ते त्यांनी स्वतः चिखलात उतरून दाखवलं. एकेक जागा त्यांना बोटभरही न चुकता आठवत होती.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एकटीला बोलावलं. केतकीला नको म्हणाले, तिचा बापूस काय करतो ते अजून दुसऱ्या कुणाकडून कळलेलं नाही. बांध संपतो तिथून तिवराच्या दाटीत वाकून, कुठे कुठे रांगत, आम्ही अर्धा तास गेलो. आमच्या चोवीस प्लॉटांपैकी एकही त्या बाजूला नव्हता. ती बाजू नानांनीच पहिल्या दिवशी दलदल म्हणून दाखवली होती, माणूस गळ्यापर्यंत रुततो म्हणून. माणूस घोट्यापर्यंतसुद्धा रुतत नव्हता.

आत एक कोंड होता, वाड्याच्या चौकाएवढा, खाऱ्या पाण्याचा. भोवती तिवराची अशी जुनी झाडं की दोघांच्या कवेत बुंधा मावला नसता. झाडांवर रातबगळ्यांची घरटी. मी पन्नासपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. पाण्यात बोटभर लांबीची जिताड्याची पिल्लं, एका बाजूला कलली की सगळी चांदी चमकायची. नाना कुजबुजत बोलत होते. खाडीत जिताडा मिळतो तो इथून जातो, म्हणाले. त्यांच्या बापानं त्यांना दाखवलं, त्यांनी मुलाला अजून दाखवलं नाही, कारण मुलगा पुतण्याच्या गाडीत बसतो.

"याला गवलनीचा कोंड बोलतान," ते म्हणाले. "लिवू नको."

मी म्हटलं, नाही लिहिणार. तेव्हा ते खरंच होतं.

परतताना त्यांनी विचारलं, तुझ्या म्याडमना पैसे कोण देतं? तीन आठवडे मी नानांवर संशय घेत होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. शनिवारी मॅडमना विचारला. मॅडमनी लपवलं नाही. एका कंपनीला तिथे कंटेनर ठेवायचं आवार करायचं होतं. कायद्यानं आधी पाहणी करून घ्यावी लागते. ते काम संस्थेला मिळालं होतं आणि आमचं विद्यावेतन त्यातूनच येत होतं.

"मग आपण कुणासाठी मोजतोय?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "आपण जे मोजू ते अहवालात येईल, मी एक आकडा बदलू देणार नाही. पण जे मोजलंच नाही, ते तिथे नाही असं धरतात. हे लक्षात ठेव."

मॅडमवरही मी विश्वास ठेवावा का, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं. सांगितलं तर कोंडाची जागा कंपनीच्या नकाशावर जाणार, साहेबाच्या टेपसारखीच. नाही सांगितलं तर तिथे नुसता चिखल आहे असं मानून भराव पडणार. दोन रात्री मी गोठ्याशेजारच्या त्या खोलीत जागी होते. पलीकडे नाना खोकले की वाटायचं, त्यांना ऐकू जातंय. नानांना विचारावं, असं एकदा मनात आलं. पण ते नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि म्हणून मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून बोलावून घेतलं आणि नाना पनवेलला गेलेले असताना आम्ही दोघी तिकडे गेलो. मॅडम कोंडाच्या काठाकाठानं एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी यंत्र काढलं, मी चौकट. रात्री मी तक्ता भरला. स्थानिक नाव, या रकान्यात लिहिलं, गवळणीचा कोंड.

निघताना आईंनी सुकट बांधून दिली. नानांनी विचारलं, पुन्हा कधी येशील? मी म्हटलं, दिवाळीत. गेले नाही.

त्या हिवाळ्यात गावच्या शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. मॅडमनी बोलावलं म्हणून मी गेले आणि सगळ्यात मागे उभी राहिले. नाना पुढून तिसऱ्या रांगेत होते, गुडघ्यांवर हात ठेवून. कंपनीच्या माणसानं भिंतीवर नकाशा लावला. नाना उठून त्याच्याजवळ गेले, बोट ठेवून काहीतरी वाचलं आणि परत जागेवर येऊन बसले. मॅडमनी अहवाल वाचला, घरटी, पिल्लं, झाडांचे घेर, सगळं. लोक ओरडले, अधिकारी पाणी प्याले, पुतण्या दोनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. सुनावणी संपल्यावर नाना उठले आणि निघून गेले. मी त्यांच्या वाटेतून बाजूला झाले. त्यांनी मला पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही.

आवार शेवटी रस्त्याच्या पलीकडे झालं. कोंड वाचला. पुढे त्या सगळ्या पट्ट्यावर वनखात्याचा ताबा आला. कुंपणाचे खांब आले, बोर्ड आला. आणि नानांच्या शेताचा खाडीकडचा बांध ताब्याच्या आत गेला. एका उधाणाला तो फुटला, तर माती टाकायला परवानगी लागली. परवानगी येईपर्यंत खारं पाणी शेतात शिरलं आणि त्या वर्षी भात झालं नाही. हे मला केतकीनं फोनवर सांगितलं, ती तेव्हा मॅडमकडेच काम करत होती. मी पनवेलच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. दर मे महिन्यात माझे विद्यार्थी अशाच शिबिरांना जायचे, आणि मी त्यांच्या पत्रांवर सह्या करायचे.

पाच वर्षांनी मी गेले. सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. नाना ओट्यावर होते. वाळले होते, पण ओळखलं लगेच. आई आदल्या वर्षी वारल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. मी काय बोलायचं ते एस.टी.त ठरवून आले होते, ते विसरले. नाना म्हणाले, "चल, कोंडावर जाऊन येऊ."

बोर्डापाशी आम्ही थांबलो. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं होती. संरक्षित क्षेत्र, प्रवेश निषिद्ध, आणि वर ठळक अक्षरात, गवळणीचा कोंड.

"नाना," मी म्हटलं, "ते मी लिहिलं होतं."

"माईत हाय."

"सुनावणीत कळलं?"

नाना बोर्डाकडे बघत होते. "पुतन्याबी मागं लागलेला, काका, तिथं काय हाय. त्याला बोललो, भुताचा कोंड, तिकडं जाव नको. सुनावनीला कंपनीच्या नकाशावर काय लिवलेलं? भुताचा कोंड. तवा समजलो, यो बोलला. मंग तुजी म्याडम उटली आनि वाचली, गवलनीचा कोंड. तवा समजलो, तूबी बोललीस." त्यांनी पत्र्यावर बोट ठेवलं. "गवलन नाय आनि भूतबी नाय. दोनी नावं मीच केलेली. तुना एक, त्याला एक."

मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. सरकारी दप्तरात, नकाशात, माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते नाव गेलं होतं. मी स्वतः वर्गात ते घेतलं होतं. मी म्हटलं, "तुमचा बांध माझ्यामुळे गेला, नाना."

"बांद गेला," ते म्हणाले. नाही कशाला म्हणतील. मग म्हणाले, "कंपनीची भिंत आली असती तर आत जाता आलं नसतं. बोर्डाच्या खालनं जाता येतं." आणि ते वाकून खालून गेले. मीही गेले. वाट तीच होती, रांगण्याच्या जागा त्याच. घरटी पहिल्यापेक्षा जास्त होती. नाना काठावर उकिडवे बसले, पाण्यात बोट घातलं आणि पिल्लं बोटाशी येईपर्यंत थांबले. मी शेजारी बसले. मी विचारलं, याचं खरं नाव काय?

नानांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं, मागे वळून तिवराच्या दाटीत बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी एक नाव सांगितलं.

ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. ते तरी खरं आहे की फक्त माझ्यासाठी केलेलं आणखी एक नाव आहे, ते मला माहीत नाही.